नानांचं इश्यू रजिस्टर

आमच्या सोसायटीतले नाना खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण स्टोअर सुटलं नाही, फक्त माल बदलला. आता चपला, गोण्या, सेफ्टी पिना, नेलकटर. विश्रांतवाडी चौकाच्या आसपास बंद दुकानांच्या पायऱ्यांवर नि बसथांब्याच्या आडोशाला आठ-दहा माणसं झोपतात, त्यांना हा माल ‘इश्यू’ होतो. बजेट महिन्याला ३०० रुपये, मंजुरी काकूंची. “वर एक रुपया मागितलात तर तुम्हीही जा तिकडेच पथारी टाकायला,” एवढा शेरा मारून काकू पैसे हातावर ठेवतात.

चपला जुन्या बाजारातल्या. एका रविवारी नानांनी पाऊण तास घासाघीस करून दहा रुपये उतरवले आणि घरी येऊन बघतात तर दोन्ही चपला डाव्या. दुसरा कुणी असता तर बाजाराला शिव्या देऊन मोकळा झाला असता. नाना बुधवारी परत गेले, त्याच ढिगातून दोन उजव्या हुडकल्या आणि वहीत ‘जोड नग २’ लिहिले.

२०२० च्या जानेवारीत शिवभोजन थाळी दहा रुपयांना निघाली, तेव्हा नानांनी जिन्यातच मला हिशेब ऐकवला : दोन चपात्या, भाजी, वरण, भात आणि ३०० रुपयांत ३० माणसं! मार्चअखेर थाळी पाचवर आली तेव्हा महागाईभत्ता वाढल्यासारखे खूश झाले. पुढच्या वर्षी ती काही महिने फुकट झाली आणि नाना बिथरलेच. बजेट शिल्लक राहणं स्टोअरच्या माणसाला सोसत नाही.

वहीत आधी ‘सही/अंगठा’ असाही रकाना होता. बसथांब्यावर परभणीकडचे एक मामा असतात. पिनांचं पाकीट देऊन नानांनी त्यांच्यापुढे शाईचं पॅड धरलं. मामा म्हणाले, “साहेब, सातबाऱ्यावरचं नाव असल्याच एका अंगठ्यानं गेलं. आता पिनेपायी नको.” नानांनी तिथंच पट्टी काढून तो रकाना खोडला. पट्टी खिशात असतेच.

गोणीची अक्कलही मामांचीच. डिसेंबरात जो तो ब्लँकेट वाटत सुटतो. एका थंडीत मामांकडे चार जमली, दिवसा ठेवायला जागा नाही, आठवड्यात चारही गेली. नानांनी विचारलं, “मग काय देऊ?” मामा म्हणाले, “गोणी द्या. आन् सुतळी.” तेव्हापासून नाना वाण्याकडून तांदळाच्या रिकाम्या गोण्या आणतात. त्या उशाला घेऊन झोपता येतं, सकाळी बांधून खांद्याला मारता येतात. खर्च जवळपास शून्य, म्हणून नानांचा हा सगळ्यात लाडका आयटम.

ज्येष्ठ वद्य नवमीला माउलींची पालखी इथून पुण्यात जाते, त्या दिवशी मात्र नाना काही म्हणजे काही देत नाहीत. चौकात केळी नि राजगिऱ्याचे लाडू इतके, की खाणारा दमतो. नाना दशमीला सकाळी निघतात. मंडप उतरलेले असतात, रस्त्यावर सालं असतात आणि परवापर्यंत ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं त्यांच्याकडे पुन्हा कुणी बघत नसतं.

परवा २६ तारखेला मी नानांबरोबर होतो. शिल्लक रुपये ४. सर कोसळली म्हणून थांब्याखाली शिरलो. नाना पार भिजले होते, दात वाजत होते. मामा काही न बोलता उठले, पावसातून पलीकडे गेले नि कागदी कपात चहा आणून नानांच्या हातात दिला.

नाना क्षणभर गडबडले. मग चहा मांडीशी धरून त्यांनी वही काढली. जमेच्या बाजूला वर्षानुवर्षं एकच नोंद : ‘सौ.कडून ३००’. तिच्याखाली त्यांनी लिहिलं, ‘मामांकडून चहा, नग १’, आणि पेन थबकलं.

“केवढ्याला घेतलात?”

“बारा.”

“बारा?” नानांचा आवाज चढला. “अहो मामा, कोपऱ्यावर दहाला मिळतो!”