हाताखालचा

निवृत्त साहेबाकडे काम नसतं हे खरं. पण कामाची पद्धत शाबूत असते, आणि ती कशावर तरी चालवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. कोणी ती कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवर चालवतो, कोणी सुनेवर. आमच्या शेजारचे साहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून 58 व्या वर्षी बाहेर पडले आणि ती लॅब्रॅडॉरच्या पिल्लावर चालवू लागले.

पिल्लू मुलाचं. मुलाला कंपनीने परदेशी धाडलं आणि ऐन एप्रिलअखेर ते नागपूरला, प्रतापनगरात, आईवडिलांकडे आलं. साहेबांनी ताबा घेतला तो रीतसर. लसीकरणाचं कार्ड, पट्टा, वाटी, खेळणी अशी यादी करून खाली मुलाची सही घेतली. काकू त्याला बाळू म्हणतात. साहेबांच्या बोलण्यात ते 'सदर पिल्लू' असतं.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास घुटमळू लागला आणि चौथ्या महिन्यात पाऊल टाकलेल्या सदर पिल्लाचे दुधाचे दात हलू लागले. सोफ्याचा पाय, काकूंची चप्पल, साहेबांच्या पेन्शनच्या कागदांचा कोपरा... हिरड्या शिवशिवत असताना पिल्लू कागदाचं महत्त्व बघत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दुधाचे दात 28, कायमचे 42, सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालायचंच. साहेबांनी आकडे टिपून घेतले. ''म्हणजे जुनं पाडून वाढीव क्षमतेचं नवं बांधकाम,'' ते म्हणाले, ''आणि तेही वापर बंद न ठेवता.''

त्याच संध्याकाळी मोजमाप पुस्तक उघडलं. खात्यात त्याला एमबी म्हणतात. एमबीत चढलं नाही ते काम झालंच नाही, अशी साहेबांची श्रद्धा.

सल्ले आपसूक येत गेले. एका वहिनींनी लवंगेचं तेल सुचवलं, कोणी तान्ह्या बाळांच्या हिरड्यांना लावतात ते मलम, कोणी पॅरासिटामॉलची पाव गोळी. साहेबांनी प्रत्येक सूचना डॉक्टरांकडे अभिप्रायासाठी पाठवली आणि प्रत्येक सूचना नामंजूर होऊन परत आली. माणसाचं दुखणं थांबवणारी ही औषधं कुत्र्याच्या जिवावर उठू शकतात. कांद्याचं प्रकरण मात्र घरातूनच उद्भवलं. विदर्भात उन्हात निघताना खिशात कांदा ठेवायची जुनी चाल. साहेब ती काटेकोर पाळत. एका दुपारी पिल्लाने त्यांच्या झब्ब्याच्या खिशात तोंड घातलं आणि कांदा बाहेर काढला. तो तोंडातून सोडवून घेईपर्यंत साहेबांना घाम फुटला, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे त्यांनी आदल्याच दिवशी लिहून घेतलं होतं. बापजाद्यांपासून चालत आलेलं परिपत्रक त्या दिवशी रद्द झालं.

चघळायच्या वस्तूंसाठी त्यांची एकच चाचणी. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबायचं. खूण उमटली तर साहित्य मंजूर. मटणवाल्याने प्रेमाने दिलेलं हाड नापास झालं. बर्फाचा खडाही नापास, कारण इतक्या कडक वस्तूने दातच तुटायचा. पास झाला तो जुना पंचा. भिजवायचा, पिळायचा, पीळ घालून गाठ मारायची आणि फ्रीजरमध्ये टाकायचा. गार, थोडा कडक झाला की पिल्लाला द्यायचा आणि धागे गिळू नये म्हणून समोर बसायचं. साहेब समोर बसतात. मी त्यांना नातवंडांसमोर इतका वेळ बसलेलं पाहिलेलं नाही. अधूनमधून फ्रीजमधली काकडी, बिया काढलेली टरबुजाची फोड. काकूंची तक्रार एवढीच की फ्रीजरमध्ये पन्ह्यासाठी ठेवलेल्या कैरीच्या गराला जागा उरलेली नाही. तिथे पंच्यांचा राखीव साठा आहे.

''हे स्वतःच एक कूलर आहे,'' साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला समजावतात. ''घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी सगळी मदार जिभेवरच्या बाष्पीभवनावर. खोली बंद करून कूलर लावाल तर हवा दमट होईल, आणि दोन्ही कूलर बसतील.'' त्यामुळे समोरची खिडकी उघडी राहते, कूलरच्या पंपाची वायर पिल्लाच्या तोंडापासून दूर, पट्टीच्या आत जाते, आणि आत येणारी धूळ काकू झाडतात. प्रत्येक योजनेत कोणीतरी बाधित असतंच.

फिरायला न्यायचं ते सूर्य वर यायच्या आत. संध्याकाळी आधी डांबराची तपासणी. साहेब रस्त्यात वाकून पालथा हात टेकतात आणि घड्याळात सात सेकंद मोजतात. हात टिकला तरच पंजे उतरतात. अनोळखी माणसांना वाटतं, म्हातारा रस्त्याला नमस्कार करतो आहे. मला वाटतं, हयातीत त्या रस्त्याची इतक्या जवळून तपासणी प्रथमच होत असावी.

या माणसाचं मला खरं कौतुक वाटतं ते बोटं चावली जातात तेव्हा. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने डेप्युटी उभे राहत, ते साहेब पिल्लाने बोट धरलं की आवाज चढवत नाहीत. शांतपणे हात काढून घेतात आणि पंचा पुढे करतात. आदेशाने भागत नाही, पर्याय द्यावा लागतो, हे त्यांना कळलं; पण ते त्यांना आधी कळलं असतं तर ज्या ज्युनियर इंजिनियरांचं भलं झालं असतं, तेही आता निवृत्त झालेत. कामवाल्या बाईंना या प्रगतीत रस नाही. ''साहेब, लेकरू तिकडं पडदा फाडून राह्यलं,'' त्या म्हणतात, ''अन् तुम्ही लिहून काय राह्यले?''

लिहीत होते ते दातांचा हिशेब. तो जुळेना. पडलेले बरेचसे दात पिल्लू गिळून टाकतं. खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसतो, दात दिसत नाही. केरात दोन सापडले, ते काड्यापेटीत तारीख घालून ठेवले. ऑगस्टमध्ये एक सुळा अडून बसला, नवा सुळा उगवला तरी जुना हलेना. तो डॉक्टरांनी भूल देऊन काढला आणि साहेबांनी तो मागून घेतला. एमबीत शेवटची नोंद झाली: एकूण 28, हस्तगत 3, उर्वरित 25 सदर पिल्लाने खाल्ल्याने निर्लेखित.

काकूंनी वही वाचली, आतून तीन जोड चपला आणून समोर ठेवल्या आणि म्हणाल्या, ''अहो, यांचंही त्याच पानावर घ्या. आणि नवीन आणायची मंजुरी आजच द्या, दुकान आठला बंद होतं.''