मालक आणि मोकळी जागा

सकाळी साडेसहाला सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या टपरीवर हाफ चहा घेताना मालक दिसले नाहीत, तर समजावं की ते विजापूर रोडच्या सिद्धेश्वर वनविहारात पोचले आणि तिथल्या वनरक्षकाचा दिवस उगवला. वनविहार वनखात्याचा आहे, ही मालकांच्या लेखी निव्वळ कागदोपत्री बाब. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी फिरायला सांगितलं. गुडघे बरे झाले आणि वनविहाराचं दुखणं सुरू झालं.

मालकांना मोकळी जागा बघवत नाही. घरात कोपरा रिकामा दिसला की तिथं स्टूल, स्टुलावर फुलदाणी, फुलदाणीवर प्लास्टिकची पिशवी. वनविहारातही तोच डोळा. "इथं चार बाकडी, तिथं पेव्हर ब्लॉक, मधी सेल्फी पॉइंट. आन् लाईट पायजे बे! अंधारात जनावरांनी चालायचं कसं?"

हातात कायम शेवेची पुडी. मोरांसाठी. ती खातात भटकी कुत्री, आणि शेवेवर पोसलेली कुत्री पुढं सशांच्या मागं लागतात. मग कुत्र्यांचा बंदोबस्त होत नाही म्हणून मालक अर्ज देतात. अर्जाची झेरॉक्स खिशात असतेच. चहा पाजणाऱ्याला वाचायला मिळते.

मे महिन्यात ते पहार घेऊन आले. उघड्या मुरमाडीवर वडाचं रोप लावायचं ठरलं होतं. पहिला घाव बसायच्या आत टिटवी डोक्यावरून ओरडत सुटली. दोनदा टोपी उडता उडता वाचली. वनरक्षक धावत आला आणि त्यानं बोट दाखवलं: मालकांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी. ना काडी, ना गवत. मातकट रंग, वर काळे ठिपके, खड्यांत खडा मिसळून गेलेला. मालक विरघळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंड्यांभोवती चुना फासलेले दगड गोल मांडले. "कुणाचा पाय पडू नये, सोय करलालो." ते कडं रस्त्यावरूनही दिसत होतं, कावळ्याला तर पाटीच लावल्यासारखं. मालकांची पाठ वळताच वनरक्षकानं दगड उचलले.

शेवटी त्यानंच मालकांना रविवारी बार्शी रोडनं नान्नजला नेलं. 1979 साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य. मालक गाडीतून उतरले, चहूकडं पाहिलं आणि म्हणाले, "जंगल कुठाय?"

"हेच की."

"हे तर रिकामं रान!"

वनरक्षकानं त्या रिकाम्या रानाची हजेरी घेतली: काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल. माळढोक जमिनीवरच एखादं अंडं घालतो आणि त्याला दूरवरचं दिसावं लागतं. दुष्काळी भागाच्या योजनेत इथं गवताचे प्लॉट राखले, चराई आवरली, गवत वाढलं आणि माळढोक आले. पुढं त्याच भागात ग्लिरिसिडियाची लागवड झाली, हिरवं दिसावं म्हणून. त्यानं गवत दडपलं आणि पक्ष्याची नजर अडवली. अभयारण्याची हद्द आधी 8,496 चौरस किलोमीटर होती, नंतर ती 1,222वर आणली. एवढ्या मोठ्या हद्दीत शेतं आणि गावंही आली होती, त्यांना साधं बांधकामही अवघड झालं होतं. आज माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

"म्हणजे झाडं लावली ते चुकलं?" मालकांनी विचारलं.

"झाडाला जागा असते मालक, तशी माळालाही असते. जिथं गवतच राजा, तिथं आपण झाड लावलं की गवत जातं आणि गवतावर जगणारंही जातं. तुम्ही इथं काही करू नका, तेवढंच करा."

परतीच्या वाटेवर मालक गप्प होते. शेवेची पुडी त्यांनी स्वतःच खाल्ली. दोन दिवस टपरीवर कुणी त्यांना पाहिलं नाही. मंडळींना वाटलं, माणूस सुधारला.

तिसऱ्या दिवशी ते नवा अर्ज घेऊन हजर. 'काहीही न करणारी नागरिक समिती'. अध्यक्ष स्वतः, सात उपाध्यक्ष, दर रविवारी बैठक, वर्षातून एकदा काहीही न केल्याबद्दल सत्कार. शिवाय वनविहारात बारा बाय आठचा फलक: 'येथे काहीही करू नये'. रात्रीही वाचता यावा म्हणून वर दोन हॅलोजन.

"फलक लावणार कुठं, मालक?"

"ती काय, टिटवीपाशी. मोकळीच जागा हाय की!"