आधी निघणारे पाहुणे

घरात चार-चार ॲम्प्लिफायर बाळगणाऱ्या शौकिनाने शिष्टाचार आपल्या सभा-समारंभांतून शिकावा: प्रमुख पाहुणे सगळ्यांत शेवटी येतात आणि सगळ्यांत आधी निघतात. आधी प्लेअर, मग प्रीॲम्प, क्रॉसओव्हर. ही मंडळी स्थिरस्थावर झाली की मगच पॉवर ॲम्प. बंद करताना नेमके उलटे. क्रम चुकला, तर प्रीॲम्प जागा होताना जो हिसका देतो, तो पॉवर ॲम्प इमानेइतबारे मोठा करून स्पीकरला पोचवतो. 'धप्प' ऐकू येते ती वूफरची तक्रार. ट्वीटर बिचारा तक्रार न करताच जातो. विशेषतः मध्ये कपॅसिटरही न ठेवता ॲम्पला थेट जोडलेला.

बरे, चारही पाहुणे एकदम आले तरी पंचाईत. मोठे ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी इतका करंट ओढतात की एमसीबी पडू शकतो. काही सेकंदांच्या अंतराने एकेकाला आत सोडणारा सिक्वेन्सर बाजारात मिळतो. पण महागड्या केबलीवर तासभर बोलणारे गृहस्थ सगळा संसार स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर थाटतात आणि एकाच बटणाने उठवतात. केबलीमुळे आवाजात 'हवा' येते म्हणे. येत असेल.

परत येणारी वीज मात्र कुणाचाच मान ठेवत नाही. चालू राहिलेल्या साऱ्यांना ती एकाच क्षणी उठवते. तेव्हा दिवे गेले, की मेणबत्ती शोधण्याआधी पॉवर ॲम्पची बटणे बंद करा.