दर्यासारंग

अमेरिकेत दहा-वीस वर्षे सुखाने नांदलेल्या, घराचे हप्ते बहुतांशी फेडून बसलेल्या आणि मुलांच्या कॉलेजाची चिंता करू लागलेल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक गोतावळ्यात एक गृहस्थ असा आढळतो, की ज्याच्या अंगी एखादे लहानसे संस्थान चालविण्याची पात्रता असूनही दैवाने त्याला कुठल्याशा विमा कंपनीच्या संगणक विभागात मधल्या दर्जाचा अंमलदार करून ठेविलेले असते. संस्थाने केव्हाच खालसा झाली, मामलेदारी मागे स्वदेशात राहिली, मराठी मंडळाचे अध्यक्षपद वर्षाकाठी एकालाच लाभते, आणि गणेशोत्सवातील पंगत तर दोन तासांत उठते. तेव्हा अशा पुरुषाच्या सुप्त प्रशासकीय तेजाला पुरेसे क्षेत्र मिळावे म्हणूनच कॅरिबियन समुद्रातील सात रात्रींच्या क्रूझची योजना झाली असावी, असे माझे नम्र मत आहे. न्यू जर्सीतील आमच्या मंडळींत या गृहस्थांना दर्यासारंग म्हणतात. शिवछत्रपतींच्या आरमारात हा किताब सन्मानाने मिरवला जाई. आमच्याकडे तो तोंडावर कोणी उच्चारीत नाही, इतकाच फरक.

दर्यासारंगांना दर्याची ओढ असेल असा समज कोणी करून घेऊ नये. समुद्र हे त्यांच्या दृष्टीने चाळीस माणसे सात दिवस एका ठिकाणी राहावीत, त्यांना पळून जाता येऊ नये, यासाठी निसर्गाने केलेले एक उत्तम कुंपण आहे. डिसेंबरात मायामीहून सुटणाऱ्या जहाजाविषयीचा पहिला खलिता त्या आधीच्या फेब्रुवारीतच व्हॉट्सॲपवर येऊन थडकतो, आणि एखाद्या काटकसरी मित्राने ‘सप्टेंबरात तिकिटे बरीच उतरतात’ असा अर्ज गुदरलाच, तर जूनच्या पहिल्या तारखेपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालणाऱ्या अटलांटिकच्या वादळी हंगामाचा सचित्र अहवाल त्या अर्जावरील शेरा म्हणून परत येतो. त्यानंतर तक्ते. त्यांत नाव, नाते आणि गुडघ्यांची सद्यःस्थिती यांचे रकाने असतात, आणि आहाराच्या रकान्यात ‘जैन’, ‘चतुर्थीस उपवास’, ‘अंडे चालते, मात्र दिसता कामा नये’ अशा नोंदी असतात. जहाज मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी डोलते हे ज्ञान त्यांनी परिश्रमपूर्वक संपादन केलेले असल्यामुळे भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांची रवानगी तिकडे होते, आणि ज्यांनी पैसे उशिरा भरले ते अगदी पुढच्या टोकाच्या बिनखिडकीच्या खोल्यांत जातात. याला सूड म्हणणे अन्यायाचे होईल. तो महसूल खात्याचा सनातन शिरस्ता आहे.

त्यांच्या मुत्सद्देगिरीचा कळस मात्र मद्याच्या प्रकरणी दिसला. बहुतेक जहाज कंपन्यांचा असा दंडक असतो, की एका खोलीतील एका प्रौढाने रोजच्या ठरावीक रकमेत हवे तितके पिण्याची सनद घेतली, की त्याच खोलीतील दुसऱ्या प्रौढानेही ती घेतलीच पाहिजे. हेतू हा, की एकाच्या सनदेवर दोघांनी पिऊ नये. आता आमच्यातील चार नवरे सनदेस उत्सुक, आणि त्यांच्या चौघी धर्मपत्नी लिंबाच्या सरबतापलीकडे कधीही न गेलेल्या. दर्यासारंगांनी एक रात्र जागून तोड काढली: कागदोपत्री चारही नवरे दोन खोल्यांत, चारही बायका शेजारच्या दोन खोल्यांत, आणि जहाजावर पाऊल ठेवताच जो तो आपापल्या संसारात. कायद्याचे अक्षर शाबूत, खजिना शाबूत आणि गृहस्थाश्रमही शाबूत. त्यांच्या हिशेबात एवढेच आले नव्हते, की पहिल्या रात्री सामान हलविण्याच्या कंटाळ्याने कागदाप्रमाणेच निजलेल्या त्या चौघींना घोरण्याविरहित निद्रेचा साक्षात्कार होईल, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्या एकमताने जाहीर करतील, की दफ्तरात लिहिले आहे तेच कायम असू द्यावे. सनदी नवरे पुढे आठवडाभर मद्याच्या गुणवत्तेविषयी एक अक्षर बोलले नाहीत. ते फक्त एकमेकांच्या घोरण्याविषयी बोलत.

पण मी फार पुढे गेलो. मायामीच्या धक्क्यावर जहाज सुटण्यापूर्वी संकटसमयीची कवायत असते. प्रत्येकाने नेमून दिलेल्या ठिकाणी जाऊन हजेरी द्यावयाची, जीवरक्षक जाकीट कसे घालावे ते पाहावयाचे आणि मोकळे व्हावयाचे, इतका तो सोपस्कार. परंतु कंपनीच्या हजेरीवर विसंबून स्वस्थ बसणे हा दर्यासारंगांचा पिंड नव्हे. त्यांनी आपली निराळी हजेरी मांडली, आणि ती चालू असताना मंडळींना नियमाचे गांभीर्य कळावे म्हणून, ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारापासून ते २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडली तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक उतारूंची कवायत व्हायचीच होती, येथपर्यंतचा सारा इतिहास, डोक्यावर टांगलेल्या जीवरक्षक नावेच्या छायेत उभे राहून, खणखणीत आवाजात कथन केला. परिणाम असा झाला, की ज्यांना समुद्राचे भय तोवर शिवलेही नव्हते अशा दोन काकूंनी जागच्या जागी रामरक्षा सुरू केली.

भर समुद्रात मात्र त्यांच्यावर एक आपत्ती कोसळली. जहाजावरील इंटरनेटला निराळे दाम पडतात, आणि ते मोजण्यास निम्म्या मंडळींनी साफ नकार दिल्यामुळे व्हॉट्सॲपवरील त्यांचे राज्य एका रात्रीत बुडाले. दुसरा कोणी खचला असता. यांनी बॅगेतून चुंबकांची पिशवी काढली. खोल्यांची दारे नि भिंती पोलादी असतात हे त्यांनी घरूनच हेरून ठेविले होते. त्यामुळे त्या दिवसापासून पहाटे पाचाला प्रत्येक दारावर इंग्रजीत लिहिलेला एक हुकूमनामा चिकटू लागला. पैकी एक चुकून शेजारच्या ओहायोतील वृद्ध दांपत्याच्या दारावर लागला. ते दोघे सव्वासात वाजता, हुकुमाबरहुकूम, टोप्या घालून, जिन्यापाशी हजर होते; आमच्यातील अकराजण गैरहजर होते. दर्यासारंगांनी त्या दांपत्याचे नाव तक्त्यात दाखल केले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते अद्याप तेथे आहे.

जमैकाच्या फाल्मथ बंदरी त्यांची गाठ तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशी पडली. हे प्रतिस्पर्धी म्हणजे आमच्या एका मित्राचे तीर्थरूप, दादरचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि जमैकाच्या भूमीवर उतरून सबिना पार्क न पाहता परतणे हे पातक मानणारे. १९७१ साली याच मैदानावर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या होत्या. पहिला दिवस पावसाने धुऊन नेल्यामुळे फॉलोऑन लादण्यास दीडशे धावांची आघाडी पुरते, हा नियम अजित वाडेकरांनी सोबर्सच्या कानी घातला होता. आणि तीच मालिका आपण जिंकली होती. अडचण इतकीच, की फाल्मथ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आणि सबिना पार्क दक्षिणेस किंग्स्टनमध्ये.

“काका, जाऊन येण्यातच दिवस संपेल. कंपनीच्या सहलीला गेलेल्यांसाठी जहाज थांबतं, स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही. तसा नियम आहे.”

“नियम सोबर्सलाही पाठ होते,” काका म्हणाले. “तू नीट वाच. कुठेतरी फट असेल.”

दर्यासारंगांनी खरोखरच बसून नियमावली वाचली. फट सापडली नाही. तेव्हा काका तणतणत धक्क्याबाहेर गेले आणि तेथील एका टॅक्सीवाल्याला त्यांनी सरदेसाईंची ती खेळी साद्यंत ऐकविली. त्या सद्गृहस्थाने ती मान डोलवीत, अत्यंत अदबीने ऐकून घेतली, आणि मग तितक्याच अदबीने विचारले, की त्याच मैदानावरचा १९७६ चा सामना साहेबांच्या स्मरणात आहे काय? होल्डिंगचा मारा, कानावर चेंडू लागून रुग्णालयात गेलेला गायकवाड, बेदीने ३०६ वर सहा बाद असताना थांबविलेला डाव, आणि पाचजण फलंदाजीस येऊच न शकल्यामुळे ९७ वर आटोपलेला दुसरा डाव, हे सर्व त्याने तारीखवार सांगितले. जहाजावर वेळेआधी परतलेले त्या दिवशीचे पहिले उतारू आमचे काका होते.

ग्रँड केमन बेटावर काळ्याशार, अणकुचीदार चुनखडकांचे एक रान आहे. त्या जागेचे नावच नरक असे आहे, आणि तेथील टपाल कचेरीतून नरकाचा शिक्का उठविलेली पत्रे हौशी प्रवासी जगभर धाडतात. दर्यासारंगांनी मंडळाच्या विद्यमान अध्यक्षांना एक धाडले. रामरक्षावाल्या एक काकू मात्र गाडीतून उतरेनात. “आज एकादशी आहे. आज नरकात पाय ठेवायचा नाही. उद्या नेत असाल तर बघू.” उद्या जहाज कोझुमेलला लागणार होते. तक्त्यात चतुर्थीची नोंद होती नि एकादशीची नव्हती, ही त्रुटी त्या कारभारी पुरुषाच्या जिवाला प्रत्यक्ष नरकापेक्षा अधिक टोचली. कोझुमेलविषयी विशेष सांगण्याजोगे नाही. तेथे इश्चेल देवीची प्राचीन माया स्थाने आहेत, ती पाहण्यास दर्यासारंग एकटेच गेले. उरलेले एकोणचाळीस वाळूवर झोपले.

रात्रीच्या जेवणाला आमच्या मेजावर सासष्टीतला एक गोवेकर तारवटी होता. पहिल्याच रात्री ‘कितें जाय, मावशी?’ असे विचारून त्याने काकूंना अर्धे जिंकले, आणि न मागता डाळभात आणून उरलेले अर्धे. या डाळीसाठी आपण ऑगस्टातच कंपनीशी पत्रव्यवहार केला होता, असे दर्यासारंगांनी संपूर्ण मेजाला विदित केले. मी नंतर त्या तारवट्याला बाजूस गाठून चौकशी केली. तो म्हणाला, की डाळ भारतीय खलाशांसाठी रोज शिजतेच, आणि भारतीय उतारूंची मेजेही प्रत्येक फेरीला असतात. साहेबांचे पत्र त्याने पाहिलेले नाही. “पण त्यांना सांगू नका हां,” तो पुढे म्हणाला, “रोज रात्री येऊन माझे आभार मानतात.”

आता एका कुजबुजीची नोंद करणे भाग आहे. मोठ्या जथ्याच्या नोंदणीत सामान्यतः सोळा उतारूंमागे एकाचे भाडे कंपनी सोडते. त्यामुळे ‘हा एवढा आटापिटा फुकटात फिरण्यासाठीच’ असे आमच्यातील काही मंडळी, त्यांनीच राखून ठेविलेल्या खुर्च्यांवर बसून, एकमेकांच्या कानात सांगत. शेवटच्या रात्री सामानाला रंगीत चिठ्ठ्या बांधून बॅगा दाराबाहेर ठेवावयाच्या असतात. त्या बॅगा ठेवण्यास मंडळी बाहेर आली, तो प्रत्येक दारावर अखेरचा कागद: कंपनीकडून मिळालेली एकूण सूट, भागिले चाळीस, सात महिन्यांच्या बाळाचा हिस्सा धरून, वजा, चुंबकांची किंमत. कुजबुज थांबली. म्हणजे चुंबके इतकी महाग असतात काय, या विषयाकडे वळली.

या साऱ्या धामधुमीत दर्यासारंगांच्या सौभाग्यवती कोठे होत्या, हा प्रश्न मला अखेरच्या संध्याकाळी पडला होता. त्या वरच्या डेकवर आरामखुर्चीत, पायांवर शाल घेऊन, एका जाडजूड कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात होत्या.

“वहिनी, तुम्ही आठवडाभर कशातच दिसला नाहीत.”

“अहो भावजी, घरी हे एवढे सगळे माझ्या एकटीच्या वाट्याला येतात. इथे चाळीस जणांत वाटले जातात.”

“पुढल्या वर्षी अलास्का म्हणताहेत.”

“हो,” पान उलटीत त्या म्हणाल्या, “साठजण तरी जमवा, असं मीच सांगितलंय त्यांना.”