गारपिटीस अनावृत पत्र

प्रति,
गारपीट, मुक्काम ढगात, जत तालुक्याच्या डोक्यावर.
विषय : दारात आणि बागेत पडणाऱ्या बर्फाची विल्हेवाट.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात बर्फ पडतो तो थंडीत नव्हे, उन्हाळ्याच्या तोंडावर. थंडीतला बर्फ शेजारच्या सातारा जिल्ह्याच्या वाट्याला आला आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठते, त्याला हिमकण म्हणतात आणि ऊन वर आले की ते वितळतात. त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. जतच्या बर्फाचा पंचनामा होतो.

गार तयार होण्याची रीत सरळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापते आणि दमट हवा झपाट्याने वर चढते. दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरत जाते, त्यामुळे पाचेक किलोमीटरवर ते शून्याखाली जाते. तिथले पाण्याचे थेंब थंड होऊनही गोठत नाहीत. बर्फाच्या कणाला थडकले की मात्र लगेच गोठून त्याला चिकटतात. वर जाणाऱ्या झोताला पेलवते तोवर गार फुगत राहते, मग सुटते. शास्त्राप्रमाणे 5 मिलिमीटरपासून पुढे गार. शिवारात मापे वेगळी : हरभरा, बोर, सुपारी, लिंबू. लिंबाएवढी म्हटल्यावर पुढचे विचारायचे नसते.

तालुक्याचा वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पूर्व भागातल्या काही गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. अशा मुलखाला पाणी द्यायचेच, तर ते आधी गोठवून मग फेकण्याची तसदी कशासाठी, याचा खुलासा अद्याप आलेला नाही.

थंड देशांत बर्फाची वर्दी आदल्या दिवशी मिळते. लोक वाटेवर मीठ टाकतात, फावडी दाराशी ठेवतात. जतमध्ये दहा-पंधरा मिनिटांत कारभार आटोपतो. तेवढ्यात माणसांनी झाडाखाली नव्हे, छपराखाली जावे आणि जनावरे गोठ्यात घ्यावीत. लोखंडी पत्रा वाजतो पण टिकतो. सिमेंटचा पत्रा फुटतो. माळवदाच्या घराचे दुखणे वेगळेच. गारांनी पन्हळ तुंबते, वितळलेले पाणी मातीच्या छतावर तुंबून राहते आणि तासाभराने, आभाळ मोकळे झाल्यावर, घरात गळू लागते. म्हणून पाऊस थांबताच वर चढून आधी पन्हळीचे तोंड मोकळे करावे, मग खोऱ्याने गारा खाली लोटाव्यात. पोरे गारा ताटलीत गोळा करून खातात, हा एवढाच शुद्ध नफा.

खरा फटका द्राक्षाला. ऑक्टोबरच्या आसपास छाटलेल्या बागेत फेब्रुवारी-मार्चला मणी साखर धरतो, आणि त्याच सुमारास गारपीटबाईंची स्वारी येते. मणी फुटतो, रस ओघळतो, घड नासतो. बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकवर सुकत घातलेला माल भिजला की काळवंडतो आणि दर पडतो. बाजूचे पडदे आणि वरचा कागद आधीच बांधलेला असावा. वारा सुटल्यावर बांधू म्हणणाऱ्याचा कागद शेजारच्या बागेत सापडतो. बागेवर आच्छादन किंवा जाळी हा पक्का उपाय, पण त्याचा खर्च कर्ज काढून द्राक्ष लावणाऱ्याला सहज झेपत नाही. ढगाकडे तोफ डागण्याचा प्रयोग ऑस्ट्रियात 1896 साली झाला. तोफा पुढे पुष्कळ विकल्या गेल्या. गारा थांबल्याचा पुरावा मिळाला नाही.

सरकारी मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के असावे लागते. 2015 पूर्वी ही अट 50 टक्के होती. म्हणजे बत्तीस टक्के फोडून निघून जाणे हे गारपिटीला शोभणारे नाही. पुरावाही तीच सोबत नेते, कारण तलाठी येईपर्यंत गार वितळलेली असते. म्हणून तळहातावर गार ठेवून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, बाग पाठीमागे दिसेल असा. पंचनाम्यात यंदाचे घड मोजले जातात. काडीला बसलेला मार एप्रिलच्या खरड छाटणीत कात्री हातात घेतल्यावर दिसतो, तोवर पंचनाम्याची फाईल तालुक्याला गेलेली असते.

कळावे.
जत तालुक्यातील द्राक्षबागांच्या वतीने.