बत्तीस जीबीचा शिक्का मारणाऱ्या महाशयांस



चार जीबीच्या चिपवर बत्तीसचा आकडा छापायला तुम्हाला शाईखेरीज काही खर्च येत नाही. त्या शाईची किंमत मात्र पुसेगावच्या यात्रेपासून सांगलीच्या बाजारापर्यंत कोण कोण मोजतं, हे तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

यात्रेत चादर अंथरून प्लेअर विकणाऱ्या पोरावर माझा राग नाही. त्याने घाऊक बाजारातून डझनाच्या भावाने माल उचलला. पाकिटावर बत्तीस लिहिलं होतं म्हणून त्यानेही बत्तीस म्हणून ओरडून विकला. आतला आकडा कुणी बदलला हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ते टेबलाशी बसून, शांत डोक्याने केलं आहे.

तुमची कारागिरी वाचकांनाही कळू द्या. मेमरी कार्डात साठवणारी चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. प्लेअर विचारतो, जागा किती? उत्तर कंट्रोलर देतो, आणि त्याच्यात जो आकडा लिहून ठेवला असेल तोच सांगतो. तुम्ही तेवढा आकडा बदलता. मग कॉम्प्युटरही बत्तीस दाखवतो, मोबाइलही बत्तीस दाखवतो. गाणी भरताना कुठे अडत नाही, कसली सूचना येत नाही. फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीलाच, खऱ्या जागेत लिहिली जाते, त्यामुळे सगळी नावं दिसतात आणि प्रत्येक फायलीचा आकारही बरोबर दिसतो. वाजवायला गेलं की आत काही नाही. खरी जागा संपली की काही कार्डं पुढचं सगळं सोडून देतात. काही त्याहून वाईट असतात. ती फिरून सुरुवातीला येतात आणि आधी भरलेल्यावरच लिहीत सुटतात. उघड चोरी झाली तर माणसाला निदान रिकामी जागा दिसते. तुमची चोरी यादी जशीच्या तशी ठेवते, म्हणून ती महिनोन् महिने कळत नाही.

माझे मामा तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग करणारे आणि गावच्या भजनी मंडळात उभा जन्म घालवलेले. मंडळाच्या एकादशीच्या भजनांच्या कॅसेटी त्यांनी जपल्या होत्या. त्यात पखवाजाला त्यांचे थोरले भाऊ, आमचे थोरले मामा, बसलेले असत. फिती बुरशीने एकमेकींना चिकटायला लागल्या, तेव्हा साताऱ्याच्या एका जाणकाराने त्या हलक्या हाताने सोडवून एकदा वाजवल्या आणि कॉम्प्युटरवर घेतल्या. त्या एकदा वाजण्यातच काही फिती तुटल्या. आवाजात काही कमी होऊ नये म्हणून त्याने फायली दाबल्या नाहीत, त्यामुळे तासाभराची एक कॅसेट सहाशे एमबीच्या वर गेली. मामांनी नवाकोरा प्लेअर आणला होता, बत्तीस जीबीचा. त्यात सगळं भरलं. पुढे त्या जाणकाराच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली.

आता हिशेब तुम्हीच करा, आकड्यांचे तुम्ही जाणकार. चार जीबीत अशा सहा कॅसेटी बसतात. सातवी सुरू होते आणि वीस मिनिटं व्हायच्या आत गप्प होते. तिच्यापुढे नुसती नावं आहेत. थोरल्या मामांनी वाजवलेल्या गौळणींच्या कॅसेटी शेवटी भरल्या होत्या. थोरले मामा आता नाहीत. मामा प्लेअर कानाला लावून ती नावं एकामागून एक दाबतात आणि म्हणतात, “चार्जिंग कमी असंल.” मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांना खरं वाटत नाही. छापलेलं कुणी खोटं छापील, हेच त्यांच्या डोक्यात बसत नाही.

प्लेअर काहीशे रुपयांचा होता. त्या रुपयांसाठी मी पत्र लिहिलं नसतं.

तुमचा दुसरा शिक्का ‘दहा हजार गाणी’ असा असतो, आणि तो आठ जीबीच्या प्लेअरवरही दिसतो. समजा ते आठ जीबी खरे आहेत. आठ हजार एमबीत दहा हजार गाणी म्हणजे एका गाण्याला ०.८ एमबी. चार मिनिटांचं गाणं एवढ्यात कोंबायचं तर सेकंदाला जेमतेम सत्तावीस किलोबिट हाती राहतात. साधी एमपीथ्री सेकंदाला १२८ किलोबिटची असते, आणि मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेते. तुम्ही जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर आणता. कापता ते आधी वरचे सूर. टाळाची धार जाते, बासरीतला श्वास जातो, आणि तंबोऱ्याची तर जवारीच जाते.

तंबोऱ्याचं नाव मुद्दाम घेतलं. सांगलीहून हाकेच्या अंतरावर मिरज आहे. तिथले कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून, तारेखाली सुताचा धागा केसभर पुढेमागे सारून जवारी लावतात. तार छेडली की मूळ सुराबरोबर वरचे सगळे सूर झंकारत उठावेत, यासाठी ती मेहनत असते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांमुळे. त्यांनी धाग्याने उभं केलेलं तुम्ही ‘दहा हजार’ लिहायला कापून टाकता.

याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब स्थायिक झाले होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला त्यांना तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यातच त्यांनी राग मांडले, आणि ते लोक अजून ऐकतात. जागा थोडी होती, पण सांगितली होती तेवढी होती. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपलने पहिला आयपॉड आणला, तेव्हा पाच जीबीत हजार गाणी असं सांगितलं. गाण्याला पाच एमबी. १६० किलोबिटच्या दर्जाचं चार मिनिटांचं गाणं साधारण तेवढंच भरतं. मोठा आकडा सांगून माल विकता येतो आणि तो आकडा खराही असू शकतो, याला हा पुरावा पुरेसा आहे.

तुमचं गिऱ्हाईक कोण, ते तुम्ही अचूक हेरलंत. शहरातल्या पोरांना प्लेअर लागत नाही, त्यांची गाणी मोबाइलवर येतात. प्लेअर घेतो तो रात्रपाळीची लाईट आली की बारा वाजता मोटर चालू करून उसाला पाणी धरणारा शेतकरी. ओल्या हातांनी काचेचा मोबाइल हाताळता येत नाही. कोयनेच्या फुगवट्यापलीकडे कांदाटी खोऱ्यातली माणसं घेतात, तिथे रेंजचा भरवसा नाही. हरिपाठ ऐकत झोपणारी आजी घेते. तिला मध्येच जाहिरात नको असते आणि फोनची घंटी नको असते. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष, काळू-बाळूंचं कवलापूर, शाहीर साबळ्यांचं पसरणी याच सातारा-सांगली जिल्ह्यांत आहेत. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि नाटककार देवलांचं हरिपूर तिथून पायी जाण्याजोगं. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानाला चांगलं-वाईट कळतं. त्यांना जीबी कळत नाही. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

म्हणून प्लेअर कसा घ्यावा हे मी तुमच्याच पत्रात लिहितो. वाचणाऱ्यांनी ते घरच्या वडीलधाऱ्यांसाठी वापरावं.

आतच मेमरी असलेला बिननावाचा प्लेअर घेऊ नये. कार्डाची खाच असलेला घ्यावा आणि कार्ड वेगळं, पक्की पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावं. कार्ड बत्तीस जीबीपर्यंतचंच बरं. त्यावरची कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि साध्या प्लेअरला बहुधा वाचता येत नाहीत. बटणं अंधारात अंगठ्याला सापडतील अशी हवीत. बॅटरी काढून बदलता येणारी हवी. बीएल-फाइव्ह-सी नावाची जुन्या नोकियाची बॅटरी बसत असेल तर उत्तम, ती तालुक्याच्या गावातही मिळते. पडद्यावर देवनागरी नावं उमटतात का, की नुसते चौकोन येतात, हे दुकानातच पाहावं. बंद करून पुन्हा चालू केल्यावर कीर्तन थांबलं होतं तिथूनच सुरू होतं का, हे तर पाहायलाच हवं. दोन तासांचं कीर्तन दर वेळी पहिल्यापासून ऐकायला लावणारा प्लेअर म्हाताऱ्या माणसाच्या कामाचा नाही. स्वस्त प्लेअर बहुधा गाणी नावाप्रमाणे लावत नाहीत, भरलेल्या क्रमाने वाजवतात, तेव्हा भरतानाच क्रम लावून भरावीत. रेडिओ असलेला मिळाला तर सोडू नये, आकाशवाणी लावता येते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. कार्ड आणलं की आधी तपासावं, मग त्यात आपलं काही ठेवावं. कॉम्प्युटर असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरतो, भरलेलं परत वाचतो आणि खरी जागा किती ते सांगतो. लिनक्सवर तेच काम ‘एफथ्री’ करतो. कॉम्प्युटर नसेल तर कार्ड काठोकाठ गाण्यांनी भरावं, काढून परत घालावं आणि पहिलं, मधलं, शेवटचं अशी गाणी प्रत्यक्ष वाजवून ऐकावीत. यादीवर विसंबू नये. जो आवाज पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असल्याशिवाय मूळ कॅसेट कुणाला देऊ नये, टाकू तर मुळीच नये.

तुमच्या पाकिटाबद्दल. त्यावर रंगीत हेडफोन आहे, बत्तीस आहे, इंग्रजीत ‘ओरिजिनल’ आहे. वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियम, २०११ प्रमाणे त्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. तुमच्या पाकिटावर यातलं काही नाही. खोटा आकडा छापायला जागा आहे, स्वतःचं नाव छापायला नाही. तुम्ही कारागीर म्हणवत असाल तर मिरजेचा कारागीर वाद्यावर आपली नाममुद्रा लावतो, ती बघून या.

मला तुमच्याकडून पैसे परत नकोत. सातवी कॅसेट तुम्ही परत देऊ शकत नाही. आजपासून चारवर चार लिहा. चार जीबीलाही गिऱ्हाईक आहे. आजीच्या हरिपाठाला चार जीबी पुरून उरतात, आणि तुमचा माल त्याच भावाने विकला जाईल.

वाचकहो, पाकिटावर नाव-पत्ता नसेल तो प्लेअर यात्रेतही घेऊ नका, आणि पावती मागायला लाजू नका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.