सराफ्यातली मांसाहारी कुंडी

सराफ्यात कुंपण कुठलं? घरं एकमेकांना पाठ लावून उभी. आमची आणि काकूंची गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि कुरडया वाळत घालायच्या निमित्ताने अख्ख्या जबलपूरच्या बातम्या तिच्यावरून इकडच्या तिकडे होतात. या खेपेला बातमी माझ्याच घरची होती. कमानिया गेटपासून बड्या फुहाऱ्यापर्यंत फिरून ती काकूंकडे पोचली होती.

"काय गं, तू म्हणे मांस खाणारं झाड लावलंयस? उंदीर गिळतं म्हणतात. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही, आणि भिंतीपलीकडे हे!"

"उंदीर कसला काकू! त्याचं तोंड मिलिमीटरभराचं. या, भिंतीवरून वाकून बघा. ही पांढरी-जांभळी फुलं अगदी सज्जन आहेत. शिकार चालते ती खाली, ओल्या मातीत. या युट्रिक्युलेरियाला मुळंच नसतात. मातीत बारीक धागे, आणि धाग्यांवर फुगे. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला आवळून बसतो. दाराशी दोन-चार केस. डोळ्यांना न दिसणारा एखादा जीव त्या केसांना लागला की दार उघडतं, आणि ड्रॉपर दाबून सोडावा तसं पाणी त्याला घेऊन आत! सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. डार्विनलाही हे उमगलं नव्हतं. 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्यात म्हणाला, किडेच डोक्याने दार ढकलून आत शिरतात."

"म्हणजे मेले तरी दोष त्यांचाच! शहाणा दिसतोय." काकूंनी चष्मा पुसला आणि परत वाकल्या. "अगं, पण ही तर सीतेची आसवं! कासला बघितलीत मी, माहेरी असताना. भादव्यात पठार निळं-जांभळं व्हायचं. तेव्हा तिकीट नव्हतं की काही नव्हतं."

"त्यांच्याच कुळातली. कासला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हापासून गर्दी किती वाढली ते तुम्हीच सांगता."

"थांब, भाच्याला सांगते. साताऱ्याहून येताना चार रोपं उपटून आणेल."

"मुळीच नको! एक तर तिथली फुलं तोडायला बंदी आहे. दुसरं म्हणजे आणून उपयोग नाही. जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत ती पावसापुरती जगतात, बी टाकतात आणि मरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. माझी कुंडी दक्षिण आफ्रिकेतल्या जातीची आहे, बिस्क्वामाटा तिचं नाव. एका हौशी माणसाने घरच्या कुंडीतलं बी पाठवलं, त्याच्यावर केलंय सगळं."

"आणि खत काय घालतेस? आमच्याकडचं शेणखत देऊ?"

इथे मला भिंतीवर हात आपटावा लागला. खताने हे झाड मरतं. जिथे मातीत नत्र नाही, स्फुरद नाही, तिथे टिकायचं म्हणून तर त्याने शिकारीचा धंदा पत्करला. त्याचे लाड करायचे म्हणजे उपाशी ठेवायचं. बिनखताचा पीट आणि सिलिकाची वाळू निम्मी-निम्मी. कोकोपीट वापरलं तर त्यातलं मीठ जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. वाळूवर लिंबू पिळून बघायचं, फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती बाद. भेडाघाटच्या संगमरवराचा चुरा कुंडीत शोभेला घालणारे लोक मला ठाऊक आहेत. इथे तो चालायचा नाही. नळाचं जड पाणीही नाही. गच्चीवरचं पावसाचं पाणी, नाहीतर आरओचं.

"आणि बी?"

"फुंकर लागली तर गेलं. ते मातीत पुरायचं नाही, वरच भुरभुरायचं, कारण त्याला उजेड हवा. मी खव्याच्या जिलबीचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, तळाला भोकं पाडली, वर झाकण, आणि डबा ताटलीतल्या पाण्यात ठेवला. वरून पाणी ओतायचंच नाही. मग कितीतरी आठवडे नुसती माती बघत बसायचं. आमच्याकडे सगळे विचारायचे, रिकाम्या डब्याला ऊन का दाखवतेस? एक दिवस हिरवी लव दिसली."

फुलं आल्यावर मात्र खरी मजा. काकूंच्या घरात तीन पिढ्यांचं सोनारकाम, म्हणून मी त्यांच्याकडूनच भिंग आणि बारीक चिमटा मागून घेतला. फुलाचा खालचा ओठ हलकेच खाली ओढायचा. वरच्या ओठाआड दोन पुंकेसर, आणि त्यांच्या पुढ्यात स्त्रीकेसराची जिभली. मध प्यायला येणारी माशी आधी तिला घासते, दुसऱ्या फुलाचा पराग तिथे पुसते आणि मग आत जाते. काही जातींत स्पर्श झाला की ती जिभली मिटते, म्हणजे माशी बाहेर पडताना फुलाचा स्वतःचाच पराग परत तिला लागत नाही. काकू भिंगातून बघत म्हणाल्या, "एवढुशा फुलात केवढी ही सोवळ्याची काळजी!" म्हणून आपणही तोच क्रम धरायचा: दातकोरणीच्या टोकावर एका रोपाचा पराग घ्यायचा, दुसऱ्या रोपाच्या जिभलीला लावायचा, आणि पुन्हा हात लावायचा नाही. सराफ्याच्या तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या कुठून येणार!

सगळ्या जातींना एवढी सरबराई लागत नाही. आमची बिस्क्वामाटा आपलं आपण उरकते. शेजारच्या कुंड्यांतही तिची पिल्लं निघतात. उलट सशाच्या तोंडासारख्या फुलाची सँडरसोनी सगळ्यांना हवी असते, पण ती बी धरायला फारशी तयार नसते. तिचा तुकडाच तोडून लावावा.

"आपल्यातलं कुणी अभ्यास करतं का गं याचा?"

"करतात तर! जनार्दनम या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हेन्री या सहलेखकांबरोबर 1992 मध्ये भारतातल्या या झाडांवर आख्खा ग्रंथ काढला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले यादव आणि सहकाऱ्यांनी एका नव्या जातीला त्यांचंच नाव दिलं, युट्रिक्युलेरिया जनार्दनमी."

"लोक चौकाला नाव मिळावं म्हणून धडपडतात," काकू म्हणाल्या, "याला फूल मिळालं." मग एकदम आवाज बदलून, "पण ताटलीत पाणी ठेवतेस, डास होतील त्याचं काय? की डासही खातं हे?"

प्रश्न रास्त होता. तळ्यात तरंगणाऱ्या मोठ्या जाती डासांच्या अळ्या पकडतात; कुंडीतल्या या जातीचे फुगे त्यासाठी फार लहान. तेव्हा ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं आणि पावसाच्या पाण्याचं पिंप घट्ट झाकायचं. डेंग्यूला शिकारी झाडाचा धाक नसतो.

बोंडं आता तपकिरी होऊ लागली आहेत. उकलायच्या आत ती कागदावर झाडून घ्यायची, आणि पुड्या काकू बांधून देणार आहेत, खडे बांधतात तशा चौपदरी. सराफ्यात ज्यांना हव्या असतील त्यांनी संध्याकाळी गच्चीवर यावं, पाणी मात्र आपलं आणावं. कास काय, पचमढी काय, रानातली फुलं जागेवरच राहू द्यावीत.